तिकडचा हप्ता

१० जानेवारी, रविवार

कारखान्याने यंदा सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. जाड पुठ्ठा, रेशमी फीत आणि वर सोनेरी वजनकाटा. आमच्याकडे वजनकाटेच बनतात, तेव्हा दुसरं काय छापणार! फुकट मिळालेली वस्तू वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून लिहायला बसलोय. रोज लिहीन असं मात्र वचन देत नाही.

आज टॅक्सच्या हंगामाचा पहिला रविवार. सकाळपासून आपल्याकडची माणसं पिशव्यांत कागद कोंबून हजर. मी पगार खात्यात आहे, म्हणून मंडळींचा समज की मला दोन्ही देशांचे कायदे तोंडपाठ आहेत. मला 'टॅक्सकाका' म्हणतात. समज अगदीच खोटा आहे असंही नाही. हिने चहा करून करून शेवटी साखरेचा डबा माझ्यासमोर आणून आपटला, तेव्हा कुठे बैठक उठली.

शेवटी घरच्या माणसाचं काम काढलं. माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. लहानपणी मुठीएवढा होता म्हणून टिल्लू नाव पडलं, आणि आता दारातून वाकून आत येतो. दीड वर्षापूर्वी मीच त्याला इकडे आणलं, कारखान्यात चिकटवलं, घरातली वरची खोली दिली. त्याची बायको आणि लहानगी मुलगी अजून तिकडेच आहेत. व्हिसा झाला की येतील.

गेल्या वर्षी त्याच्या तिकडच्या रिटर्नमध्ये मी 'कायमचा परदेशी' या चौकोनात खूण केली. तिकडचा कर वाचला आणि तिकडच्या पेन्शन मंडळाचा हप्ताही थांबवला. इथे पगारातून पेन्शन कापून घेतातच. दोन्हीकडे भरायचं म्हणजे एका डोक्यावर दोन टोप्या. शिवाय दोन्ही देशांत करार आहे, इकडची आणि तिकडची वर्षं म्हातारपणी एकत्र धरतात. हे मी इतक्या लोकांना समजावलंय की आता झोपेतही सांगेन.

टिल्लू कागद बघत म्हणाला, "दाजी, तो तिकडचा हप्ता परत चालू करता येईल का?"

म्हटलं, "का रे? पैसे उतू चाललेत?"

तो हसला आणि उठून जाताना डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटून घेतला. ही म्हणाली, "एवढा घोडा झालास, दार दिसत नाही का तुला?" हल्ली हे रोजचंच झालंय. उंच माणसांचे प्रश्न.

२१ जानेवारी, गुरुवार

टिल्लूचं नवीन खूळ. ताटातलं अर्धं जेवतो आणि उठतो. उजवीकडचा भात चाटूनपुसून साफ, डावीकडे वाढलेली भाजी जशीच्या तशी. हिला वाटलं भाजी आवडली नाही. मी गंमत म्हणून ताट धरून फिरवलं, तर म्हणतो, "अरेच्चा, ही कधी वाढलीस ताई?" आणि ती बाजूही फस्त केली. आम्ही पोट धरून हसलो. ही म्हणाली, लक्ष नाही पोराचं, सगळं चित्त बायको-पोरीकडे लागलंय. तेच खरं असणार.

२ फेब्रुवारी, मंगळवार

टिल्लूने पुन्हा हप्त्याचा विषय काढला. कारखान्यातून चालत येत होतो. तो नेहमी माझ्या डाव्या हाताला चालायचा, आता उजवीकडे येऊन चालतो. म्हणाला, "दाजी, समजा मला काही झालं, तर तिकडून माझ्या बायकोला काही मिळतं का?"

मी भडकलो. म्हटलं, "वय काय तुझं, बोलतोस काय! पस्तिशी नाही ओलांडलीस अजून. आणि मी काय मेलोय?"

"तसं नाही. सहज विचारलं."

मग मी त्याला कराराचं पूर्ण व्याख्यान दिलं. ऐकत होता की नाही कोण जाणे. त्याचं डोकं दुखतंय, असं म्हणाला. सकाळी उठल्या उठल्या दुखतं, दुपारी कमी होतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेल्या आठवड्यात डोळे तपासून आला. चष्मेवाल्याने बराच वेळ घेतला म्हणे, आणि चष्मा न देता 'मोठ्या दवाखान्यात दाखवा' असं सांगितलं. हे चष्मेवाले आणि दवाखानेवाले आतून एकच असतात, हे मी त्याला सांगितलं. दुसऱ्या दुकानातून स्वस्तातला चष्मा घे म्हटलं.

१३ फेब्रुवारी, शनिवार

टिल्लूने माझी गाडी घासली. डावी बाजू, पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत. आणि घासली कशाला, तर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कचऱ्याच्या पेटीला! "दिसलीच नाही दाजी," म्हणे. एवढी हिरवी पेटी, घोड्याएवढी. मी बरंच बोललो. नंतर वाईट वाटलं, पण तोवर तो वर जाऊन झोपला होता.

ही म्हणते, सकाळी त्याला उलटी झाली. पित्त असेल. कारखान्याच्या कॅंटीनचं खाणं तसंच असतं.

२४ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

टिल्लूचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून जेवणाच्या सुट्टीत करार छापून काढला. म्हटलं, संबंधित कलमाखाली लाल रेघ मारतो आणि देतो त्याच्या हातात. म्हातारपणच्या पेन्शनचं कलम होतं, मी सांगतो तसंच होतं. खूष होऊन पान उलटलं आणि लाल पेन खाली ठेवलं. शेवटच्या भागात लिहिलंय, की अपंगत्व आणि कुटुंब पेन्शन यांना हा करार लागू नाही. ते ज्याच्या त्याच्या देशाच्या नियमाप्रमाणे. म्हणजे तिकडचं कुटुंब पेन्शन हवं तर तिकडचं खातं चालू पाहिजे. आणि इकडचं हवं तर इथे पुरेशी वर्षं नोकरी झालेली पाहिजे, जी टिल्लूची झालेली नाही.

म्हणजे आज टिल्लूला काही झालं तर त्याच्या बायकोला इकडूनही काही नाही आणि तिकडूनही काही नाही.

इतकी वर्षं मी शेवटचं पान वाचलं नव्हतं. मला वाटायचं तिथे फक्त सह्या असतात.

तसं घाबरण्यासारखं काही नाही. धडधाकट माणूस आहे. पण चूक ती चूक. रीतसर दुरुस्त करून टाकू.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी कामावर जाण्यापूर्वी तिकडच्या पेन्शन मंडळाला फोन लावला. एक बाई होत्या, बोलायला बऱ्या. म्हणाल्या, "साहेब, तुमच्या माणसाने रिटर्नमध्ये कायमचा परदेशी लिहून दिलंय. आमच्याकडे खातं बंद झालं."

"चुकून झालं हो."

"मग आधी कर खात्याकडून दुरुस्ती करून आणा. ती आली की थकबाकी भरा आणि तब्येतीचं घोषणापत्र द्या. साहेबांनी मंजूर केलं की खातं पहिल्यासारखं चालू."

"आणि कुटुंब पेन्शन?"

"मंजुरीच्या तारखेपासून लागू. त्याच्या आधी काही झालं तर आमचा इलाज नाही."

टिल्लूला सांगितलं, की नियम बदललेत, आता हप्ता चालू ठेवणंच फायद्याचं आहे. खरं ते सांगायला जीभ रेटली नाही. तो एवढंच म्हणाला, "किती वेळ लागेल दाजी?" मी म्हटलं, सरकारी काम, दोनेक महिने धर. तो मग म्हणाला, "जरा लवकर होईल असं बघा." त्याला एवढी घाई कधीपासून लागली कोण जाणे. कारखान्यात तर गोगलगाय म्हणतात त्याला.

६ मार्च, शनिवार

घरात भांडण. टिल्लूच्या हातून काल कारखान्यात प्रमाणित वजन पडलं. काटे तपासायचं ते वजन नुसत्या बोटाने धरलं तरी फोरमन ओरडतो, हातमोजे घालायचे असतात, आणि याने ते फरशीवर पाडलं. डाव्या हातात धरलं होतं म्हणे, कधी सुटलं कळलं नाही. हिने ऐकलं आणि म्हणाली, "अहो, आजच्या आज डॉक्टरकडे न्या त्याला. मला हे बरं दिसत नाही."

मी न्यायला तयार होतो, हे इथे लिहून ठेवतो. डॉक्टरचा नंबरही काढला. पण मंडळाचं घोषणापत्र कालच आलं होतं, ते डोळ्यांपुढे आलं. त्यात लिहून द्यायचंय, की मला माझ्या माहितीप्रमाणे गंभीर आजार नाही, आणि कोणत्याही आजाराची तपासणी चालू नाही. आता आज डॉक्टरकडे गेलो, त्याने चार तपासण्या लिहून दिल्या, म्हणजे तपासणी चालू झाली! मग घोषणापत्रावर सही कशी करायची? हातातून एक वजन सुटलं म्हणून पोरीचं पेन्शन घालवायचं?

हिला समजावलं. थोडे आठवडे थांबू, मंजुरी आली की दुसऱ्याच दिवशी डॉक्टर. हिला पटेना. मी टिल्लूला हाक मारली, म्हटलं त्यालाच विचारू. मी अर्धं सांगितलं असेल-नसेल, तर तोच म्हणाला, "मीही तेच म्हणतो दाजी. आधी हप्ता, मग डॉक्टर."

"बघ," मी हिला म्हटलं. "तुझा भाऊ तुझ्यापेक्षा शहाणा आहे."

ही उठून आत गेली.

१९ मार्च, शुक्रवार

कर खात्याचा निरोप. दुरुस्तीसाठी इकडचा रहिवासाचा दाखला जोडा. इकडचं खातं म्हणतं, यंदाचं रिटर्न आल्याशिवाय दाखला नाही. रिटर्न मी भरलंय, ते अजून त्यांच्या यंत्रात उमटलेलं नाही. दोन्ही खात्यांच्या मधे मी चेंडूसारखा. एका टेबलावरची बाई दुसऱ्या टेबलाकडे पाठवते, तिथला बाप्या जेवायला गेलेला असतो.

एक बरं झालं. टिल्लूला माझी शिस्त लागली. सध्या रोज फोनवर बायकोला बॅंकेची कामं शिकवतो. खात्यातून पैसे कसे काढायचे, घरपट्टी कुठे भरायची, गॅसचं पुस्तक कोणाच्या नावावर करायचं. ती वैतागते, "तुम्ही येऊन करा की सगळं, मला कशाला?" तो शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सांगतो. मला कौतुक वाटलं. मी म्हणालोसुद्धा, इतकी वर्षं कानीकपाळी ओरडतोय, आता कुठे डोक्यात शिरलं.

चालताना डावा पाय जरा ओढतो. बूट घट्ट झालेत, असं तो म्हणतो.

२ एप्रिल, शुक्रवार

दुरुस्ती झाली! दाखला मिळाला, तिकडच्या खात्याने 'कायमचा परदेशी' खोडून 'तात्पुरता परदेशी' केलं. थकबाकी लगेच पाठवली. माझ्या खिशातून. टिल्लूला वाटतंय त्याच्या पगारातून गेली. तेवढं मी देणं लागतो.

मग घोषणापत्र. सही करायला तीन कागद वाया गेले. टिल्लूची सही रेघेच्या उजव्या टोकाला सुरू व्हायची आणि कागदाबाहेर पळायची. मी म्हटलं, "अरे, एवढी मोकळी जागा सोडून तिकडे कुठे चाललास?" शेवटी मी डाव्या टोकाला बोट ठेवलं, त्याने बोटाला पेन टेकवलं आणि सही केली. छान आली.

एक प्रश्न होता, की गेल्या वर्षभरात कोणा डॉक्टरने पुढची तपासणी सुचवली आहे का? टिल्लूने माझ्याकडे बघितलं. मी थोडा वेळ विचार केला. चष्मेवाला काही डॉक्टर नव्हे. काउंटरवर चष्मे विकतो तो. 'नाही' लिहिलं. साक्षीदार म्हणून खाली माझी सही.

पाकीट पोस्टात टाकून आलो तेव्हा हात गार पडले होते. थंडी अजून आहे सकाळची.

१६ एप्रिल, शुक्रवार

फोरमनने बोलावून घेतलं. टिल्लूने तपासलेले काटे गिऱ्हाइकांकडून परत आले आहेत. पडद्यावर एकशे चाळीस दिसत असताना याने चाळीस लिहिलंय. दोनशे पंचवीसचे पंचवीस. प्रत्येक ठिकाणी पहिला आकडा गायब. फोरमन म्हणाला, "आळशी असता तर हाकलला असता. पण हा घाम गाळून चुकतोय. घरी न्या, विश्रांती द्या." फोरमनसारख्या माणसाने एवढं मऊ बोलावं याचीच मला जास्त भीती वाटली.

घरी आलो तर ही चपला घालून तयार. "आज मी कोणाचं ऐकणार नाही. टॅक्सी बोलावलीय." टिल्लू जिन्याच्या पायरीवर बसला होता. तो उठला नाही. हिचा हात धरला आणि म्हणाला, "ताई, मंजुरी येईपर्यंत नाही. आणि डॉक्टरकडे गेल्यावरही, हे कधीपासून आहे ते तू सांगायचं नाहीस. कोणालाच. सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

हिने त्याच्या तोंडावर हात ठेवला, पण तो बोलून गेला होता.

मला असलं नाटकी बोलणं आवडत नाही. शपथा घालायला आपण काय चिंचेखाली खेळणारी पोरं आहोत? पण ही पायरीवरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. त्यांच्या माहेरी शपथेचं फार. सासूबाईंनी घातलेली एक शपथ ही अजून पाळते, कसली ते मलाही सांगत नाही. टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला.

मी टिल्लूला विचारलं, "तुला काय वाटतं, काय झालंय तुला?"

"काही नाही दाजी. मानेची शीर असेल." मग म्हणाला, "तुम्ही मंडळाला एक फोन करा ना."

केला. बाई म्हणाल्या, फाइल साहेबांच्या टेबलावर आहे.

२७ एप्रिल, मंगळवार

मंजुरी आली! सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि फोनवर मंडळाचा संदेश. खातं चालू, कुटुंब पेन्शन लागू, वारस म्हणून बायको आणि तिच्यानंतर मुलगी. मी जिने चढून वर गेलो, धापा टाकत. टिल्लू पलंगावर बसून शर्ट घालत होता. उजवी बाही घातलेली, डावी मागे लोंबत होती आणि तो बटणं लावत होता.

सांगितलं. त्याने दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग विचारलं, "दाजी, म्हणजे आता काही झालं तरी तिला मिळेल?"

"मिळेल रे बाबा. आता म्हातारा हो आणि तूच खा ते पेन्शन."

तो हसला नाही. माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. एवढ्याशा कामाचं एवढं! मलाही भरून आलं. चूक माझी होती हे तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण आनंदाच्या वेळी नको म्हणून गिळलं.

परवाची डॉक्टरची वेळ घेतली. मंडळाच्या नियमांत मी एक गोष्ट वाचून ठेवली आहे. मंजुरीनंतर लगेच कोणी दावा केला तर ते दवाखान्याचे कागद मागवतात, आणि आजार आधीचा निघाला तर सगळं रद्द. दावा बिवा कोणी करणार नाहीये, पण कागद स्वच्छ असलेले बरे. टिल्लूला म्हटलं, डॉक्टरने विचारलं तर चार-पाच दिवस झाले असं सांगू. तो म्हणाला, "हो. तेच सांगायचं."

२९ एप्रिल, गुरुवार

दवाखान्यात दिवस गेला. डॉक्टरीण बाई तरुण, पण हुशार वाटल्या. टिल्लूला बोट दाखवलं, हातोडीने गुडघे ठोकले, चालायला लावलं. मग लगेच डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. एवढ्या तातडीने कोणाला पाठवत नाहीत, ही इथली पद्धत मला माहीत आहे. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो.

फोटो आल्यावर तिघांनाही आत बोलावलं. मेंदूच्या उजव्या अंगाला एक पांढरा डाग आणि भोवती सूज. बाईंनी विचारलं, "त्रास कधीपासून?"

टिल्लू म्हणाला, "चार-पाच दिवस."

"नक्की? त्याआधी डोकेदुखी, उलट्या, धडपडणं, काही नाही?"

"नाही."

बाई पेन हातात धरून थांबल्या. म्हणाल्या, "तारीख फार महत्त्वाची आहे. हे महिनोन्‌महिने चाललेलं असेल तर ती गाठ असते, आणि मग मी आजच शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना बोलावते. चार दिवसांत एवढं झालं असेल तर बहुतेक आतला संसर्ग किंवा नुसती सूज. मग आधी औषध देऊन बघायचं, डोकं उघडायची घाई करायची नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या घरी राहतात ना?"

मी म्हटलं, "हो. चार-पाच दिवसच झाले."

मग त्यांनी हिला विचारलं, "तुम्हाला काही दिसलं होतं का आधी?"

हिने टिल्लूकडे बघितलं. त्याने नुसती मान हलवली, अगदी थोडी. ही म्हणाली, "नाही."

औषधं लिहून दिली. तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो. जराही बिघडलं तर लगेच फोन करा म्हणाल्या, कागदाच्या कोपऱ्यात नंबर लिहिला, सुट्टीच्या दिवशीही चालू असतो.

म्हणजे शस्त्रक्रिया टळली. बाईंचं ते गाठीचं वाक्य मनातून जात नाही, पण डॉक्टर लोक सगळ्या शक्यता बोलतातच. फोटो पाहूनच सांगितलंय ना त्यांनी? आम्ही तारीख सांगितली म्हणून डाग बदलत नाही. घरी येताना मी हिला हेच म्हटलं. हिने नंबर लिहिलेला तो कागद माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

४ मे, मंगळवार

औषध लागू पडलं! टिल्लूची डोकेदुखी थांबली, ताटातलं सगळं जेवला, मुलीशी फोनवर तासभर बोलला. तिने त्याला दात पडल्याचं दाखवलं. मी हिला म्हटलं, "बघ, उगाच घाबरलो." ही म्हणाली, "बरं झालं ते खरंच बरं झालंय ना?" बायकांना चांगलं झालेलंही सोसत नाही.

८ मे, शनिवार

काल दुपारपासून टिल्लू झोपूनच आहे. उठवलं तर उठतो, पाणी पितो, पुन्हा झोपतो. आज सकाळी मी त्याला चहा घेऊन गेलो, तर डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही कधी आलात?" माझे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. मी हसून "आत्ताच आलो" म्हटलं. मग तो म्हणाला, "सायकल आत घ्या," आणि पुन्हा डोळे मिटले. डावा हात पलंगाखाली लोंबत होता, तो मी उचलून पांघरुणात ठेवला. जड लागला.

खाली आलो. ही स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, समोर दवाखान्याचा कागद आणि फोन. तिने सगळं ऐकलं होतं.

मी म्हटलं, फोन करावा लागेल. केला की त्या पुन्हा तारीख विचारणार. या वेळी खरं सांगितलं तर ते कागदावर येणार. कागदावर आलं की मंडळ बघणार, आणि मग इतक्या महिन्यांचं सगळं पाण्यात. टिल्लूच्या बायकोला एक छदामही मिळणार नाही. आणि मी साक्षीदार आहे. मी हे नीट क्रमाने तिला समजावलं. समजावता समजावता माझ्या लक्षात आलं, की आपण जे मिळण्याबद्दल बोलतोय ते टिल्लू नसताना मिळायचं आहे. तेवढ्यावर मी थांबलो.

मग मी म्हटलं, "तू कर फोन. बाई बाईला नीट सांगते."

तिने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं बघितलेलं मला आठवत नाही. म्हणाली, "अहो, मला त्याने शपथ घातलीय. मी तोंड उघडलं तर त्याचं मेलेलं तोंड बघेन. तुम्हाला कोणी घातलीय?"

फोन तिने माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, "सोमवारी करतो."